रविवारचा भाग

पौषातली थंडी, पहाटेचे चार. सांगली जिल्ह्यातल्या एका उसाच्या फडाशेजारी वीस-पंचवीस कोप्या पडल्या होत्या आणि त्यातल्या एकीच्या दारात मी उभी होते. आत चूल पेटली होती. चुलीपुढं तेरा-चौदा वर्षांची मुलगी, कडेवर वर्षाचं भावंड. कोपीच्या मेढीला सुतळीनं प्लास्टिकची पिशवी बांधलेली, आणि पिशवीतून निळा उजेड येत होता.

"डाउनलोडला लावलाय," ती म्हणाली. "ह्या टायमाला नेट पळतंय. सगळे उठले की नुसतं फिरत राहतंय."

"काय डाउनलोड करायलीस?"

"नारुटो."

आई-वडील तोपर्यंत फडात पोचले होते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'कोयता' म्हणतात. हिशेब माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो. ही मुलगी कोणत्याच कोयत्यात मोजलेली नव्हती. भाकरी थापणं, पाणी आणणं, धाकट्याला सांभाळणं आणि दुपारी वाढ्याच्या पेंढ्या बांधायला हात लावणं, हे तिचं काम. मोबाइल दिवसभर तिच्याकडं असे, कारण फडात तो मोळीखाली जाऊन फुटण्याची भीती. रोजचा दीड जीबी. त्यात या जपानी कार्टून मालिकेचा एक भाग हिंदीत डाउनलोड करायचा, दुपारी बाळ झोपलं की बघायचा. चार्जिंग ट्रॅक्टरवाल्याच्या कृपेनं, नाहीतर रस्त्यावरच्या हॉटेलात.

"एकटीच बघतेस?"

"मी बघते आन् रविवारी भावाला सांगते. तो गावाकडं हाय."

भाऊ शिरूर कासार तालुक्यातल्या त्यांच्या गावी, चौथीत. हंगामी वसतिगृहात दोन वेळ जेवायचं आणि रात्री आजीजवळ झोपायचं. दर रविवारी शाळेतले सर आपल्या फोनवरून मुलांना आई-बापांशी बोलू देत. आईचं बोलून झालं की फोन ताईकडं यायचा, आणि ताई आठवड्याचा नारुटो सांगायची. सहा-सात मिनिटांत बसवून.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी विषय दिला होता तो अ‍ॅनिमे, व्हिडिओ गेम आणि विज्ञानकथा यांच्या वेडाचा. इंग्रजीत अशा वेड्यांना गीक म्हणतात. पुण्या-मुंबईत बघण्यासारखं पुष्कळ आहे, असंही त्यांनी सुचवलं. मी बीड मागून घेतलं, कारण माझं बालपण तिथलं, आणि बीडच्या पोरांविषयी लिहिताना दुष्काळ, ऊसतोड आणि गुन्हे यांपलीकडं कुणी जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्याकडं या वेडाला 'नाद' म्हणतात. याला कुस्तीचा नाद, त्याला भजनाचा, तिला नारुटोचा. शब्दात काळजी असते आणि थोडं कौतुकही.

शेरखानचा आवाज

हा नाद मोबाइलबरोबर आला असं घराघरांत म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. १९९३ साली आमच्या गावात दोन टीव्ही होते. रविवारी सकाळी त्यांतल्या एकापुढं सगळी गल्ली बसायची, एक जण पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा, आणि मोगली यायचा. 'जंगल बुक'चं शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची, आणि शेरखान बोलायचा तो नाना पाटेकरांच्या आवाजात. त्या आवाजानं आमच्यातली एक पोर दर रविवारी आजीच्या लुगड्यात तोंड लपवायची.

हे जपानी आहे, याला अ‍ॅनिमे म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या कंपनीनं १९८९ मध्ये ते जपानी मुलांसाठी काढलं होतं. मूळ गोष्टी किपलिंगच्या, आणि त्यानं त्या घडवल्या सिवनीच्या जंगलात. सिवनी म्हणजे पेंचचं रान, ज्याचा दक्षिणेकडचा तुकडा आपल्या नागपूर जिल्ह्यात येतो. म्हणजे रान इथलं, लेखक इंग्रज, चित्रं जपानी, आवाज मुरुडच्या माणसाचा, आणि बघणारे बालाघाटच्या डोंगरातले आम्ही.

पुढं दर रविवारी दुपारी 'शक्तिमान' आला, पण तोवर लोडशेडिंगही आलं. परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या ज्या जिल्ह्यात धूर सोडत होत्या, त्याच जिल्ह्यातल्या गावांत ऐन भागाच्या वेळी वीज जायची. मग ज्याच्या मामाच्या गावात वीज होती तो सोमवारी शाळेत भाग सांगायचा. मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती कोंडाळं व्हायचं. सांगणारा लबाड असला तर दोन मारामाऱ्या जास्तीच्या घालायचा. आम्हाला ते कळायचं आणि चालायचं.

टीव्हीच्याही आधीची एक पिढी आहे. बीडच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांकडं मला ट्रंकेत जपलेला 'चांदोबा' बघायला मिळाला. मराठी 'चांदोबा' १९५२ साली सुरू झाला. त्याच ट्रंकेत 'इंद्रजाल कॉमिक्स'चे मराठी अंक होते, कडा उंदरांनी खाल्लेले. फँटम मराठीत 'वेताळ' झाला होता. गुरुजी म्हणाले, "एसटी स्टँडवर अंक यायचा तेव्हा आम्ही चौघं मित्र मिळून एक घ्यायचो. वाचायचा नंबर चिठ्ठ्या टाकून ठरायचा." चौघांत एक अंक, गल्लीत एक टीव्ही, कोपीत एक मोबाइल. वस्तू बदलत गेली, वाटून घेणं तसंच राहिलं.

दहा रुपयांत भरून मिळेल

बीड बसस्थानकाजवळ मोबाइलच्या दुकानांची ओळ आहे. त्यातल्या एका टपरीवजा दुकानात मी दोन दुपारी बसले. पुढं मोबाइल कव्हरांची भिंत. वरच्या ओळीत शिवाजी महाराज आणि बाबासाहेब, मधे विठोबा, खंडोबा, बैलगाडा, आणि खालच्या तीन ओळी भरून अ‍ॅनिमेतले गोकू, लुफी, इटाची, नारुटो. इटाचीच्या लाल डोळ्याचं कव्हर सगळ्यात जास्त जातं, असं दुकानदार म्हणाला. स्वतः त्यानं त्यातलं काहीही पाहिलेलं नाही. पण कोणतं पोरगं काय मागतं हे त्याला तोंडपाठ आहे.

त्याची दुकानदारी म्हणजे बीडमधल्या या नादाचा चालताबोलता इतिहास. त्याच्या वडिलांनी एका खोलीत दोन टीव्ही आणि दोन 'टीव्ही गेम' ठेवले होते. जपानी निन्टेंडोची नक्कल करून बनवलेली ती यंत्रं तेव्हा स्वस्तात मिळायची. अर्ध्या तासाचे दोन रुपये. मारिओ, काँट्रा, बदकं मारायची बंदूक. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची. मग नेट कॅफे आले. त्यात मोठी मुलं फॉर्म भरण्याच्या नावाखाली 'व्हाइस सिटी' खेळायची. एमएस-सीआयटीच्या वर्गात टायपिंगची वेळ संपली की उरलेल्या दहा मिनिटांत 'रोड रॅश'.

आणि मग मेमरी कार्ड. "दहा रुपयाला गाणे, वीसला पिच्चर," तो सांगत होता. "ऊसतोडीला जायच्या आधी आठ दिवस तर बसायला टाइम नसायचा. सहा महिन्यांचं भरून न्यायचे लोक. पोरांसाठी कार्टून टाका म्हणायचे. मी डोरेमॉन, बेन टेन, जे सापडंल ते कोंबायचो." चित्रपटगृह, वाचनालय आणि टीव्ही यांचं काम नखाएवढ्या त्या चकतीनं केलं. कार्ड एकाकडून दुसऱ्याकडं जायचं, त्यातल्या फाइली एकमेकांत मिसळायच्या, आणि मार्चमध्ये परत येणाऱ्या कार्डात कर्नाटकातल्या कारखान्यावरच्या कुणाची तरी कन्नड गाणीही असायची.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि कार्ड भरण्याचा धंदा वर्षाच्या आत बसला. तेव्हापासून तो कव्हरं विकतो, काचा बदलतो. बोलता बोलता त्यानं ड्रॉवरमधून एक डबी काढून दाखवली. लोकांनी परत न नेलेली साठ-सत्तर कार्डं. त्यानं टाकलेली नाहीत.

"उचल मला"

धारूर तालुक्यातल्या एका गावात समाजमंदिराच्या ओट्यावर संध्याकाळी सहानंतर पोरं बसतात. तिथंच का, तर तिथं नेटवर्कच्या दोन कांड्या जास्त येतात. चौघांचा एक स्क्वॉड. खेळ फ्री फायर मॅक्स.

पब्जी का नाही, असं विचारल्यावर एकानं नीट समजावलं. पब्जीत शंभर जण उतरतात, नकाशा मोठा, खेळ अर्धा तास चालतो आणि मोबाइल तापतो. फ्री फायरमध्ये पन्नास जण, दहा मिनिटांत निकाल, आणि दोन-तीन जीबी रॅमच्या जुन्या फोनवरही चालतो. कोणता खेळ गावात रुजणार हे रॅम ठरवते. सरकारी बंदीनंही फार काही उलटंपालटं झालेलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी बंद झाला, पुढच्या वर्षी तो भारतीय नावानं आला, पुन्हा बंद झाला, पुन्हा आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला, पण 'मॅक्स' चालू राहिला. पोरं एका आयडीवरून दुसरीकडं गेली. मैतर तेच.

मी त्यांच्या मागं बसून ऐकत होते. अर्धी हिंदी, अर्धी बीडची बोली. "डावीकडून यायलाय!" "गाडीच्या माघं हो!" "पडलो पडलो, उचल मला!" खेळात गोळी लागून खाली पडलेल्या गड्याला सोबत्यानं जवळ जाऊन काही क्षण थांबून पुन्हा उभं करायचं असतं. थांबणारा तेवढा वेळ उघडा पडतो, त्यालाही गोळी लागू शकते. इंग्रजीत त्याला रिव्हाइव्ह म्हणतात. ही पोरं 'उचल' म्हणतात.

बीडमध्ये हा शब्द ऐकला की कान टवकारतात. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून कोयत्याला मिळणारी आगाऊ रक्कम. लग्न, दवाखाना, घराचा पत्रा सगळं उचलीवर होतं, आणि फिटेपर्यंत माणूस बांधलेला राहतो. त्या चौघांतल्या तिघांच्या घरात उचल होती. मी एकाला विचारलं की हा शब्द खेळात कुणी आणला. तो गोंधळला. "पडल्यावर माणसाला उचलतेतच की," म्हणाला.

गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात 'मोबाइलवरचा गेम' म्हणजे एकच वस्तू, आणि ती वाईट. ओट्यावरची पोरं मात्र काटेकोर फरक करतात: हा खेळायचा गेम, तो पैशाचा गेम. रमी आणि सट्ट्यासारख्या अ‍ॅपवर गावातल्या दोन मोठ्या माणसांनी पिकाचे पैसे घालवले, हे त्यांनी नावं न घेता सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. दिल्लीच्या कायद्यानं केलेली ही विभागणी या ओट्यावर आधीपासून होती. अर्थात, खेळायच्या गेममध्येही बंदुकीचा रंग बदलायला पैसे लागतात, आणि त्यापायी आईच्या खात्यातले पाचशे रुपये गेल्याची गोष्ट इथंही आहे. तो मुलगा ती सांगताना खाली बघत होता. मार बसला होता, पण त्यापेक्षा आई गप्प बसली याचं त्याला जास्त लागलं होतं.

माकडाची वाट

कव्हरांच्या भिंतीवरचा गोकू मला गप्प बसू देत नव्हता, म्हणून त्याच्याविषयी थोडं सांगते.

अकिरा तोरियामा या जपानी चित्रकारानं १९८४ मध्ये 'ड्रॅगन बॉल' सुरू केलं. त्याच्या नायकाला, सोन गोकूला, लहानपणी शेपूट असते. तो काठी घेऊन लढतो, ढगावर बसून उडतो. हा अवतार घेतला आहे 'पश्चिमेची यात्रा' या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीतल्या वानरवीराकडून. त्या वानराचं आणि आपल्या मारुतीचं नातं काय, यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे आणि तो मी सोडवणार नाही. पण कादंबरीतला वानर ज्याच्या सोबतीला चालतो तो भिक्षू खरोखरचा आहे: ह्युएनत्संग. शाळेच्या इतिहासात आपण त्याला वाचलेलं असतं. सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात येऊन गेला. इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्यानं नोंदवलं. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचं त्यानं वर्णन केलं, तो अजिंठा असावा असं मानतात.

म्हणजे मराठवाड्याच्या वाटेनं गेलेल्या एका प्रवाशाची चीनमध्ये गोष्ट झाली, गोष्टीत माकड आलं, माकड जपानात गेलं, आणि तेराशे-चौदाशे वर्षांनी बीडच्या बसस्थानकाजवळ ऐंशी रुपयांच्या कव्हरावर परत आलं. हे सांगितल्यावर लोक लगेच म्हणतात, बघा, सगळं मूळचं आपलंच. मला ते पटत नाही. तोरियामानं केलं ते त्याचं आहे, चिन्यांनी केलं ते त्यांचं. मला आनंद होतो तो वाट उघडी असल्याचा. गोष्ट एका गावात मुक्काम करते, तिथलं पाणी पिते, आणि पुढं निघते. तोरियामा १ मार्च २०२४ ला वारले, तेव्हा धारूरच्या त्या ओट्यावरच्या एकानं आठवडाभर स्टेटसवर गोकू ठेवला होता. त्याच्या घरी मारुतीचा शनिवार असतो. दोन्हींत त्याला काहीच अडचण वाटत नाही.

कृष्णविवर, मुक्काम पोस्ट कोपी

या सगळ्यात मराठी कुठं आहे? मला भेटलेली पोरं एकजात हिंदीत बघत होती. आवडीचा नायक सांग म्हटलं की मराठीत बोलत, पण नायकाचे संवाद हिंदीत म्हणत. आणि दिवाळी अंकात लिहिताना हे मला सलतं, कारण अशा गोष्टी मराठीत दिवाळी अंकांनीच वाढवल्या. एकेकाळी 'नवल'चा अंक त्यासाठीच उघडला जायचा. नारायण धारप, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, अशी मोठी ओळ आहे.

त्या ओळीतलं सगळ्यात मोठं नाव गेलं. जयंत नारळीकर, २० मे २०२५. त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेची हकीकत अजूनही अंगावर रोमांच आणते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथेची स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा जगभर मान्यता मिळालेले शास्त्रज्ञ होते. नावाच्या दबावानं बक्षीस नको म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली. पहिलं बक्षीस मिळालं. कथेचं नाव 'कृष्णविवर'. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वाटेची आवर्जून दखल घेतली.

त्या कृष्णविवरांची चाहूल घेणारं यंत्र आता आमच्या मराठवाड्यात येतं आहे. परभणीच्या पलीकडं, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेझरचा किरण, आणि अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली त्याचा अणूहूनही सूक्ष्म हेलकावा मोजायचा. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी तो पहिल्यांदा टिपला १४ सप्टेंबर २०१५ ला.

कोपीत त्या पहाटे नारुटो डाउनलोड होत होता तेव्हा मी हे तिला सांगितलं. वेळ काढायला सुरुवात केली होती, पण ती भाकरी थापायची थांबली म्हणून मीही रंगले. आकाशात अशी जागा असते की तिथून उजेडही सुटत नाही. तिच्या जवळ गेलं की वेळ हळू चालतो. तिथं एक रात्र काढून माणूस परत आला, तर इकडं महिने उलटून गेलेले असतात, वर्षंही.

"खरंच?"

"खरंच. गणितानं सिद्ध झालंय."

"आन् त्याला कळत नाई? रातच वाटती?"

"रातच वाटते."

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती काढून बाजूला ठेवली, दुसरी टाकली. "हे मोबाइलवर हाय का मराठीतून?" तिनं विचारलं. मी शोधते म्हणाले. माझ्या पिशवीत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' होतं, ते तिला दिलं. वाचायला वेळ कधी मिळणार हे तिनं विचारलं नाही, मीही बोलले नाही.

पानांत लपलेलं गाव

नारुटोच का, हा प्रश्न मी या वर्षभरात बऱ्याच पोरांना विचारला. मासाशी किशिमोतोनं १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं ही चित्रकथा काढली. पडद्यावर पहिल्या मालिकेचे २२० भाग आणि दुसरीचे ५००. एवढी लांब गोष्ट ऐकायची सवय आपल्याला हरिविजय, पांडवप्रताप आणि सप्ताहातल्या पारायणांनी लावलेली आहेच. पण लांबी हे काही कारण नव्हे.

गोष्ट अशी: पानांत लपलेलं एक गाव. तिथं एक पोरगा, जन्मदिवशीच आई-बाप गेलेले. त्याच्या पोटात नऊ शेपट्यांचा राक्षसी कोल्हा कोंडलेला, म्हणून गाव त्याला जवळ करत नाही. एकटा राहतो, एकटा जेवतो. शाळेतले एक सर तेवढे त्याला आपल्या पैशानं रामेनच्या टपरीवर खाऊ घालतात. आणि या पोराला व्हायचं काय असतं? याच गावाचा प्रमुख. ज्या गावानं दार लावलं, त्या गावानं आपल्याला ओळखावं, एवढीच त्याची आस.

शिरूर कासारच्या त्या गावात मी फेब्रुवारीत गेले तेव्हा निम्म्या घरांना कुलपं होती. म्हातारी माणसं, पोरं, कुत्री. कुणाच्या घरी कोण आहे विचारलं की एकच उत्तर: "कारखान्याला गेलेत." वसतिगृहाच्या ओसरीत मुलं पंगतीला बसली होती. सर वाढत होते. मी त्या भावाला, चौथीतल्या, ओळखलं ते कपाळावरून. निळ्या पट्टीवर खडूनं काढलेलं पानाचं चिन्ह, नारुटोच्या गावाचं.

"रामेन म्हणजे काय माहितीये का?"

"मॅगी," तो म्हणाला. "त्याचे सर त्याला मॅगी चारतेत."

ताईनं त्याला पहिल्यांदा सांगितलं होतं की सासुके, नारुटोचा मैतर, गाव सोडून गेला. तेव्हा यानं फोनवर विचारलं होतं, "कोणत्या कारखान्याला?" सरांनी मला हे बाजूला घेऊन सांगितलं, आणि सांगताना चष्मा पुसला.

त्या रविवारी मी तिथंच होते. रांगेत बावीस मुलं. आईशी बोलणं आटोपलं की त्याचा चेहरा बदलला, फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. इकडून फक्त "मग?", "मग?", "मेला का?", "मग?". पोवाड्यात मागं उभा झिलकरी शाहिराला 'जी जी' म्हणत साथ देतो, तशी लय होती ती. मागच्या पोरांनी घाई केली नाही. त्यांनाही ऐकायचं होतं; त्यानं फोन ठेवला की तोच भाग तो त्यांना पुन्हा सांगणार होता.

शंभर पानी वही

भाद्रपदात मी त्या गावी पुन्हा गेले. बीडला नुकतीच रेल्वे आली होती. १७ सप्टेंबर २०२५ ला बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली. कित्येक पिढ्या जिची वाट बघत होत्या ती गाडी. आणि त्याच पंधरवड्यात मराठवाड्यावर पावसानं कहर केला. सोयाबीन शेतात सडलं, कपाशीची बोंडं काळी पडली. त्या भावंडांच्या घरात येत्या हंगामाची उचल आधीच घेऊन झाली होती, नेहमीपेक्षा जास्त.

भाऊ आता पाचवीत. ओट्यावर पालथा पडून शंभर पानी वहीत चित्रं काढत होता. मला अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी आठवली. सोळाव्या शतकात या आमच्या जिल्ह्यातल्या माणसानं सुमारे चाळीस फूट लांब कापडावर वेदान्ताचं 'पंचीकरण' लिहिलं, नुसतं लिहिलं नाही, आकृत्या आणि चित्रं घालून मांडलं. अवघड गोष्ट चित्रात बसवून सांगायची खोड इथं जुनी आहे.

वहीत नारुटोची पहिली तीस-चाळीस पानं मोबाइलवरची हुबेहूब होती. मग एक गोष्ट लागली जी मी ओळखत नव्हते. उसाचा फड. फडाच्या मधोमध पेनानं गिरवून गिरवून कागद फाटेपर्यंत काळा केलेला गोल. नारुटो त्यात उडी मारतो. आत कोयत्याच्या आकाराची चंद्रकोर, एक म्हातारी, एक गोधडी. नारुटो झोपतो. पुढच्या पानावर उठतो, बाहेर येतो. गावातल्या घरांची कुलपं निघालेली, चुली पेटलेल्या, वेशीतून ट्रॅक्टर आत येताहेत. वर बाळबोध अक्षरात लिहिलेलं: 'एक रात झाली. सहा महिने झाले.'

"हा कितवा भाग?" मी विचारलं.

"तोच घावत नाई मॅडम," तो म्हणाला. "ताई गावाकडं आल्यावर मी मोबाइलवर सगळे बघितले. हा कुठंच नाई. दुसऱ्या पोरांनी बी शोधला. माघ महिन्यात सांगितला होता तिनं."

ताई दाराशी बसून सोयाबीनच्या ओल्या शेंगांतून बऱ्या शेंगा वेगळ्या करत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"त्या आठवड्यात मोबाइल बंद पडला होता," ती म्हणाली. "बोलायला मुकादमाचा साधा फोन होता नुसता. आन् रविवार तर आला होता."

भावानं वही तिच्यापुढं सरकवली. तिनं हात पदराला पुसले, पानं उलटत त्या काळ्या गोलाशी आली, आणि बोट ठेवून म्हणाली, "म्हातारी नव्हती रं इथं. मी म्हातारी सांगितली नव्हती."

"मी घातली," तो म्हणाला. "आजी हाय ती."